साखळी कोणी उघडली

नवं वेसावं जळालं ते गुरुवारी दुपारी पावणेतीनला. त्या वेळी कल्पिता अंधेरीच्या लॅबमध्ये एका घाबरट गृहस्थाच्या दंडाला रबर बांधून त्याची शीर शोधत होती. ड्रॉवरमधला तिचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. तिने रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितलं आणि फोन उघडला. दोनशेच्या वर मेसेज. पहिलाच सुबोधचा: "बंदर गेलं. सगळं गेलं. साखळी कोणी उघडली???"

नवं वेसावं मुंबईच्या नकाशात शोधून सापडायचं नाही. ते 'इंडिगो टाइड' नावाच्या ऑनलाइन खेळात होतं. साठ-पासष्ट जणांच्या गिल्डने, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टोळीने, चार वर्षं खपून ते बांधलं होतं. त्यात वेसाव्याची नि मढची कोळ्यांची पोरं होती, मुलुंड-दहिसरची कोकणातली मंडळी होती. प्रत्येकाचं तिथे घर होतं. धक्का होता, गोदामं होती, देऊळ होतं, मासळी बाजारसुद्धा होता. आता कोणी म्हणेल, खेळच तो, त्याचं एवढं काय. म्हणू दे. ज्याने चार वर्षं मन लावून कधी काहीच केलेलं नाही, त्याने तर खुशाल म्हणावं.

शिवाय हा खेळ निर्दय होता. त्यात एकदा मेलं की मेलं. नाव, हुन्नर, कमावलेलं सगळं पुसलं जायचं, आणि पुन्हा फाटक्या कपड्यांत पहिल्यापासून सुरुवात. गुरुवारी गिल्डचे नऊ जण असे पुसले गेले. जळालेल्या शहराला मिळतात ते सात दिवस. तेवढ्यात राख उपसून नवा पाया घातला तर जागा आपली, नाहीतर येईल त्याची.

बंदराच्या तोंडावर एक जाड साखळी होती. ती खाली सोडल्याशिवाय जहाज आत येऊ शकत नव्हतं, आणि बुरुजावरून ती सोडण्याचा हक्क तिघांनाच होता: गिल्डची पाटील म्हणून कल्पिताला, तिच्या खालोखाल सुबोधला आणि दहिसरच्या अक्षताला. तिघांपैकी कोणी सोडली याची नोंद मात्र खेळ ठेवत नसे.

साखळी कोणी उघडली ते कल्पिताला लॅबमध्येच कळून चुकलं होतं.

गेली दोन वर्षं ती कामावर गेली की तिच्या खात्यावर तिचा बाप बसायचा. हरेश्वर, वय सदुसष्ट. खांदा निकामी झाल्यावर दर्यावर जाणं बंद झालं, होडी दुसऱ्याची झाली, आणि हा दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचा. त्याला जरा विरंगुळा म्हणून कल्पिताने एकदा लॅपटॉपसमोर बसवलं. त्याने बंदर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "ह्या तोंड कोनी ठेवलाय गो? एका उधानान मराल सगली." मग त्यानेच बंदराचं तोंड दक्षिणेला फिरवून घेतलं, डाव्या अंगाला खडक येतील अशी वाट आखली. त्यानंतर तीन वेळा हल्ले झाले आणि तिन्ही वेळा शत्रूची जहाजं त्या खडकांवर फुटली. गिल्ड म्हणाली, काय डोकं आहे कल्पिताचं! कल्पिताने ते ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही. "एका खात्यावर एकच माणूस" हा गिल्डचा नियमही तिनेच लिहिलेला होता, आणि तो मोडल्याबद्दल तिने दोघांना हाकललंही होतं.

संध्याकाळी घरात पाय टाकल्या टाकल्या तिने विचारलं, "बाबा, साखळी तू उघडलीस?"

"मीच उघरली." तो भिंतीला टेकून बसला होता. "होरी बुरत होती. शीड फाटलेला, पानी भरलेला."

"होरी म्हणे! मागे शत्रूची सहा जहाजं लपली होती तुझ्या त्या होरीच्या!"

"माना काय ठावं? बुरनाऱ्याला बंदरान घेवाचा नाय?"

वेसाव्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही. डोल जाळं लावण्याच्या जागेवरून डोकी फोडून घेतलेले दोन नाखवेसुद्धा वादळात एकमेकांना दोर टाकतात, आणि किनाऱ्यावर आले की भांडण जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करतात. कल्पितालाही हे ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी तिला ते आठवून घ्यायचं नव्हतं.

"तो खेळ आहे, बाबा! तिथे कोणी बुडत नाही! चार वर्षांची वाट लावलीस तू माझ्या. तुला हात लावू दिला तीच माझी चूक."

तिची आई सगुणा नुकतीच बाजारातून येऊन मासळीची पाटी धूत होती. ती म्हणाली, "अगं, हलू बोल, बाप हाय तुझा." कल्पिता हळू बोलली नाही.  रात्री हरेश्वर ताटावर बसला, भात चिवडला आणि उठला. फुगून बसलाय, बसू दे, असं कल्पिता मनात म्हणाली. शुक्रवारीही ती त्याच्याशी बोलली नाही, शनिवारीही नाही.

रविवारी सकाळी अकराला गिल्डची बैठक होती. कॅमेरे बंद, नुसते आवाज. सगुणा बाजारात होती आणि हरेश्वर पाव आणायला म्हणून बाहेर पडला होता. कल्पिताने हेडफोन चढवले.

सुबोध तयारीनिशी आला होता. मुलुंडला एका कंपनीत तो माणसांना कामं वाटून देण्याचं काम करायचा आणि इथेही त्याला तीच खोड होती. "दोनच मुद्दे," तो म्हणाला. "एक, पाया आजच घालायचा, आणि यापुढे साखळी फक्त गिल्डच्या जहाजाला उघडणार. बाहेरचा बुडत असला तर बुडू दे. दोन, ज्याने हे केलं तो आज बाहेर. कारण साखळी उघडणारा गिल्डचा माणूसच नव्हता. कोणीतरी आपलं खातं म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिलं होतं."

"कशावरून?" कोणीतरी विचारलं.

"कालकूटवाल्यांनी व्हिडिओ टाकलाय. लावतो. पण आधी अक्षता, तुझे आजोबा दिवसभर घरीच असतात ना?"

"अरे, आजोबांना टीव्हीचा रिमोट जमत नाही!" अक्षता म्हणाली. "मी नाही दिलं कोणाला खातं. शप्पथ."

"मग कोणी? मी दिलं? की कल्पिताने?" त्यावर दोघं-तिघं हसले, कारण नियम लिहिणारीच तो मोडेल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. "खरं बोल ना यार, संपवून टाकू विषय."

 कल्पिता काही शूर बाई नव्हती आणि त्या क्षणी तर मुळीच नव्हती. अक्षता काय, दुसरी गिल्ड बघेल, असा विचार तिच्या मनात येऊन गेला. शहर पुन्हा उभं राहील, पाटीलकी राहील, बापाचं नाव कुठे येणार नाही. अक्षताचा आवाज रडवेला झाला होता आणि कल्पिताने आपला माइक बंदच ठेवला.

सुबोधने व्हिडिओ लावला.

कालकूट ही हल्ला करणारी गिल्ड. तिच्यातल्या चौघांनी आपल्या होडीतूनच तो व्हिडिओ घेतला होता. पडद्यावर फाटलेलं शीड, गुडघाभर पाणी आणि समोर नव्या वेसाव्याचा बुरूज. एक जण ओरडत होता, "चाचा, पानी भर रहा है! चार लोग हैं, बचा लो!" बाकीचे हसू दाबत होते. मग बुरुजावरून आवाज आला, आणि कल्पिताने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"भियाव नका रं पोरांनो! सोरली साखली. हलू हलू या. डाव्या अंगाला खरक हाय, उजवीला धरा. हां, असाच. आजून उजवीला. वारा मागनं हाय, शीड उतरा. आयलाव, आयलाव. धक्क्याला दोर टाकलाय मी, धरा त्या. कोनाला लागला तर नाय ना? जेवलाव का?"

व्हिडिओत चौघं खो-खो हसत सुटले. "चाचा पूछ रहा है खाना खाया क्या!" मग धक्क्यावर पहिली मशाल पडली आणि गोदामाने पेट घेतला.

ते हसले ते ठीक. हलकट होते, हलकटासारखे वागले. पण इकडे गिल्डमध्येही हशा पिकला. घरं जळालेली हीच माणसं. बोरिवलीच्या नितेशने तर नक्कलही केली. "जेवलाव का रं? डाव्या अंगाला खरक हाय!" आणि साठ जण पुन्हा हसले. त्यांत वेसाव्याची पोरं होती, ज्यांच्या आज्या अजून अशाच बोलतात.

कल्पिताने माइक सुरू केला.

"नितेश, परत कर नक्कल."

"अगं, गंमत..."

"कर ना. तो माझा बाप आहे. त्याच्या लेकीसमोर कर."

नितेशने माइक बंद केला.

"अक्षताला सोडा. खातं माझं होतं, बाबाला मी बसवलं होतं, दोन वर्षं रोज. नियम मी मोडला, आणि आत्ता अक्षता रडत होती तेव्हा मी तोंड शिवून बसले होते, तेही ऐकून ठेवा. आणि आता दुसरं. बंदराचं तोंड कोणी फिरवलं? त्याने. खडकांची वाट कोणी आखली? त्याने. तीन वेळा वाचलात ते कोणामुळे? तुम्ही माझं डोकं, माझं डोकं करत होतात आणि मी निर्लज्जासारखी ऐकत होते. दिवसभर तुम्ही ऑफिसात एसीखाली बसायचात तेव्हा त्या बुरुजावर तो एकटा उभा असायचा. दोन वर्षं. एका हाताने, कारण दुसरा वर जात नाही त्याचा."

"कल्पिता, भावना समजतो मी..." सुबोध म्हणाला.

"गप्प बस रे! हसताना नव्हती समजली? त्याने उघडलं ते समोर माणूस बुडतोय म्हणून. तुमच्यातल्या एकाने तरी उघडलं असतं?"

"नसतंच उघडलं," सुबोध शांतपणे म्हणाला. "म्हणून तर शहर टिकलं असतं. नियम तुझाच आहे. मतं घेऊ."

मतं घेतली गेली. एक्केचाळीस जणांनी तिला काढा म्हटलं, तेरा जणांनी राहू दे. ती तेरा मतं कोणाची ते तिला कळलं नाही. तिच्या पडद्यावरून आधी पाटील हा शब्द गेला, मग गिल्डचं नाव गेलं, आणि शेवटी नव्या वेसाव्याची राखही दिसेनाशी झाली.

हरेश्वर पाव घेऊन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती.

"झाली मिटिन?"

"झाली."

"पाया घालतान?"

"घालतील. आपण त्यांच्यात नाही आता. काढलं मला."

त्याने मान हलवली. पाव डब्यात ठेवला, झाकण लावलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती चार पोरां कोनाला गवसली का, इचारलास?"

"कुठली पोरं?"

"होरीतली. मीच बंदरान घेतली आन लगेच आग लागली. तू कामाला गेलीस का मी राखंन जाऊन बगतंव. धक्क्याखाली बगला, गोदामान बगला. मेलेल्याचा नाव उमटता ना तिथं, त्यांचा आजून गवसला नाय. माझ्या सांगन्यावरनं आयली बिचारी, आन जलून गेली. आता पयल्यापासनं करायला लागल त्यांना सगला."

कल्पिता हातात डाव धरून उभी राहिली. गुरुवारी ती सहा जहाजांबद्दल ओरडली होती, पण त्या होडीतली माणसं कोण, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. जहाजं मागून आली, आणि बुडणारी होडी ती बुडणारी होडी, एवढंच त्याने धरलं होतं.

"बाबा, त्यांनीच आग लावली," ती म्हणाली. "ती त्यांचीच माणसं होती. होडी बुडत नव्हती. नाटक होतं सगळं."

त्याने आता तिच्याकडे पाहिलं.

"चौघंबी?"

"चौघंही. तू जेवलाव का विचारलंस त्यावर हसत होते. व्हिडिओ केलाय. जगाने पाहिला."

"म्हंजे मेलं नाय कोनी त्यातला?"

"कशाला मरतील? मजेत आहेत."

हरेश्वरने मोठा श्वास सोडला आणि तिथेच पाटावर बसला. "जिती हायत," तो म्हणाला. "बरा झाला."

"बरं झालं?" कल्पिता किंचाळली. डाव तिच्या हातातून सुटून मोरीत पडला. "त्यांनी फसवलं तुला, बाबा! तुझ्या तोंडावर हसले! शिव्या घाल त्यांना, एकदा तरी चीड!"

"घालीन शिव्या. वेसावकराच्या शिव्या हायत, आयकतीलच." त्याने ताट पुढे ओढलं. "आधी वाढ गो. गुरवारपासनं घास उतरला नाय."

तिने भात वाढला, वर कालवण घातलं. तो भराभर जेवत होता, मान वर न करता. तीन दिवस तो ताटावरून उपाशी उठत होता, आणि आपल्या बोलण्यावर रुसलाय म्हणून तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं.