पाठ मोजायची राहिली

मिल संपात गेली ती गेलीच. वीस वर्षं मागावर कापड विणलेला गुणाजी परब आता मरोळच्या एका कारखान्याच्या गेटवर बारा-बारा तास वॉचमन म्हणून बसायचा. काम जड नव्हतं. पण घरी पोचेपर्यंत पायांत गोळे यायचे, आणि दिवसभरात हातांनी काही केलेलं नसायचं, त्याचा शीण वेगळाच.

गेटसमोर गिल्बर्टचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ८५च्या दिवाळीनंतर त्यानं एका बंद पडलेल्या पार्लरमधून व्हिडिओ गेमचं सर्किट आणलं. चर्चच्या सणाला मरोळ गावच्या हॉलमध्ये गेमचं मशीन उभं करायचं त्याच्या मनात होतं.

“आतलं सगळं आहे रे माझ्याकडे. खोकं पाहिजे. माणूसभर उंच.”

“मी करतो,” गुणाजी म्हणाला.

“तुला सुतारकाम येतं?”

“नाही.”

गिल्बर्ट हसला, पण नको म्हणाला नाही.

सुट्टीच्या दिवशी गुणाजी अंधेरीच्या एका पार्लरमध्ये गेला आणि मशीन वितीनं मोजू लागला. मालकानं हटकलं, तेव्हा “बघतोय नुसतं,” म्हणून बाहेर पडला. दिंडोशीच्या खोलीत आल्यावर त्यानं वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून जमिनीवर पसरली आणि मशीन होतं तेवढंच काढायला घेतलं. पडदा इथे, बटणं इथे, खेळायचा दांडा इथे. दोनदा पेन्सिल हातात घेऊनच त्याला झोप लागली. बायको, मालन, कागदाच्या कडेकडेनं स्वयंपाकाला ये-जा करत होती.

प्लायवूड कापायला तीन सुट्ट्या गेल्या. करवत रेघ सोडून पळायची. काटकोन बघायचा गुण्या त्याच्याकडे नव्हताच. “नावात गुण्या आणि हातात नाही!” म्हणत गिल्बर्टनं स्वतःचा आणून दिला. खांदे भरून यायचे. ड्युटीवर खुर्चीत बसल्या बसल्याही गुणाजी मनात खिळे मारत असायचा.

खोकं उभं राहिलं. गिल्बर्ट गोधडीत गुंडाळलेली पिक्चर ट्यूब रिक्षातून घेऊन आला. पुढून ती चपखल बसली. मागची फळी मात्र लागेना. ट्यूबची लांब मान चार बोटं बाहेर आली होती.

गुणाजी खालीच बसला. “माझ्याच्यानं नाही होत. घेऊन जा.”

मालन हात पुसत आली आणि वाकून मागून बघू लागली.

“तुमी नुसतो तोंडावळो काढलात,” ती म्हणाली. “ह्येका पाठ हा, ती कोणी मोजूची? मी ब्लाउज शिवताना पाठ आधी बेततंय.”

“आता सगळं परत कापायचं?”

“सगळा कित्याक? बाजूचे दोन फळये.”

गुणाजीनं करवत कोपऱ्यात सरकवली. गिल्बर्टनं मात्र दुसऱ्या दिवशी टीव्हीचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका पाठवला. मालननं कात्री घेतली, ट्यूब आडवी ठेवून बाजूनं बेत काढला, पुठ्ठा कापून उभा केला. मान आत गेली, वर दोन बोटं जागा राहिली. गुणाजीनं बोटं घालून ती जागा मोजली. मग उठला आणि पेन्सिल शोधू लागला.

सणाच्या आदल्या दिवशी गुणाजी आणि गिल्बर्टनं आणखी दोघांना हाताशी घेऊन मशीन टेम्पोतून नेलं. एक बाजू जराशी वाकडी होती, पण मागची फळी बसली. सणादिवशी गुणाजीची ड्युटी होती. संध्याकाळी सुटल्यावर तो हॉलमध्ये गेला, तेव्हा मशीनपुढे रांग लागलेली होती. गिल्बर्ट ओरडला, “अरे, मिस्त्री आले! जागा द्या!”

गुणाजीनं बटणं दाबली. अर्ध्या मिनिटात खेळ संपला. लोक हसले, तोही हसला.

“आता मी बघतंय,” म्हणत मालन पुढे झाली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात दांडा. ती बराच वेळ टिकली. लोक मोठमोठ्यानं तिचे पॉइंट मोजू लागले.

गुणाजी भिंतीजवळच्या बाकावर टेकला. त्या गलक्यातच त्याला झोप लागली, आणि कोणी त्याला उठवलं नाही.