मिठाखालची सुपारी

नंदा काणेकरच्या दिवाणखान्यातली सनद खोटी ठरली असती, तर अलकाला काय मिळणार होतं? एक काचेचं कपाट, तेही आठवडाभरासाठी. ईलिंगच्या मराठी मंडळाने अठराव्या शतकातलं रोजचं जगणं, कारभार आणि व्यापार यावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. दिवा आणि कुलूप असलेलं कपाट एकच, बाकी सगळी टेबलं. कपाट नंदाच्या सनदेला मिळालं होतं. अलकाच्या सासरचा पितळी करंडा टेबलावर जाणार होता, त्यातही चहाच्या थर्मासशेजारी.

सनद म्हणजे मोडीतला एक पिवळा कागद. ‘आमच्या बाळशेटना सरकारने इनाम दिलं,’ असं नंदा बारा वर्षं सांगत होती. तिच्याकडच्या हळदीकुंकवाला आधी फ्रेमचं दर्शन, मग वाण. कागद वाचता मात्र तिलाही येत नव्हता.

यंदाच्या हळदीकुंकवाला अलकाने फ्रेमपाशी उभं राहून सेल्फी काढला. घरी येऊन त्यातून स्वतःला कापलं आणि कागद ठेवला. मग एकशेचाळीस पौंड भरून ऑनलाइन मोडीचा क्लास लावला. रोज संध्याकाळी डायनिंग टेबलावर भिंग.

“माझ्या भूलशास्त्राच्या परीक्षेलाही मी एवढा बसलो नव्हतो,” तिचा नवरा, डॉक्टर शशी, म्हणाला.

“तुम्ही कुकर लावा.”

जुलैत कागद बोलला. इनाम नाही, जमीन नाही. बाळशेटने मिठाच्या गोण्यांखाली सुपारी दडवून घाट चढवली होती, कारण मिठावर जकात थोडी, सुपारीवर जास्त. चौकीवर गोण्या उलट्या झाल्या. पंचवीस रुपये दंड भरला, त्याचा हा दाखला. म्हणजे नंदा इतकी वर्षं दंडाच्या पावतीला उदबत्ती ओवाळत होती.

अलकाने शशीलासुद्धा सांगितलं नाही. चांगला माल भरल्या बाजारातच काढावा, एवढी व्यापारबुद्धी तिला होती.

मांडणीच्या दिवशी हॉलवर सगळी कमिटी हजर होती. इथेच जन्मलेली, म्युझियममध्ये क्युरेटर असलेली तनिषा कपाटाची किल्ली घेऊन उभी होती. अलकाने चष्मा पुसला आणि कागद मोठ्याने वाचून दाखवला, सावकाश, दंडाच्या आकड्यापाशी जरा रेंगाळत. नंदाचा चेहरा उतरला. अलकाने तो डोळे भरून पाहिला.

“वेट, म्हणजे स्मगलिंग?” तनिषा म्हणाली. “काकू, हे ब्रिलियंट आहे. सनद खूप लोकांकडे असतो. पण मीठ, सुपारी, चौकी, टॅक्स चुकवणं, हाच तर आपला एक्झिबिशन आहे. हा कागद सेंटरलाच पाहिजे.”

“आणि करंडा?”

“ती टेबलवर छान दिसते.”

नंदाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. “अलका, वाचतेच आहेस तर सांग ना, बाळशेट सापडले कसे?”

“शेजारच्या दुकानदाराने चौकीवर खबर दिली.”

“नाव आहे त्याचं?”

“नाही.”

“आणि मिळालं काय त्याला?”

अलकाने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. “तसं काही लिहिलेलं नाही.”

“बिचारा,” नंदा म्हणाली.

तेवढ्यात तनिषाने एक फाइल अलकाच्या हातात दिली. “काकू, अजून एकोणीस मोडी कागद आलेत. वाचता फक्त तुम्हालाच येतं. लेबल्स तुम्हीच लिहाल ना, प्लीज?”

नाही म्हणायला कमिटी फार जवळ उभी होती. मग कपाटाचा दिवाही लागेना. अलकाची गाडी सगळ्यांत जवळ लावलेली, म्हणून नव्या बल्बसाठी तीच गेली.

शेवटचा हिशोब असा. बाळशेटने भरले पंचवीस रुपये, एकदाच. शशीने सहा महिने कुकर लावला. नंदाला एक पैसाही खर्च आला नाही. उलट लेबलवर ‘काणेकर कुटुंबाच्या सौजन्याने’ असं आलं, अलकाच्याच अक्षरात. अलकाचे क्लासचे एकशेचाळीस पौंड, आणि बल्बचे सहा.