रुखवतातलं स्टेशन

मी पिशोरचं रेल्वे स्टेशन बोलतोय. हसलात ना? हसा. पिशोरला रेल्वे नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी आहे वीतभर उंच, आणि मला पिशोरच्याच राजनंदिनीनं उजेडानं कापलंय.

खरंच, उजेडानं. शहरात सन्मानचिन्हं आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या एका दुकानात ती लेझर मशीन चालवायची. मी तेव्हा भुसा दाबून केलेली एक सपाट, तपकिरी फळी होतो. मशीनचं झाकण खाली आलं, पंखा घोंघावू लागला, आणि सुईच्या टोकाएवढी एक ठिणगी माझ्यावर उतरली. ती चालत गेली आणि तिच्यामागं खिडकी उरली. मग दुसरी. मग तिकीटखिडकीची जाळी, केसाएवढ्या गजांची. छप्पर तर तिनं नुसतं वरवर भाजत नेलं आणि एकेक कौल उमटलं. राजनंदिनी हे रोज बघायची, तरी श्वास रोखून, काचेला नाक लावून उभी होती.

खाचेत खाच बसवून तिनं मला उभं केलं. घासणीचा हिरवा तुकडा कातरून माझ्या शेजारी निंब लावला, भुसा रंगवून मक्याचं रान पेरलं, थर्माकोलचा डोंगर केला आणि चारी बाजूंनी खेळण्यातले रूळ फिरवले. मी तिच्या लग्नातल्या रुखवतासाठी होतो.

तिची मावशी सत्यभामा बघायला आली आणि म्हणाली, "हे कसलं उघडंबोडकं? पुढं झालर सोड की मंडपावाणी. रुखवत हाय ते!"

मावशीचा शब्द मोडायचा कसा? माझ्या फलाटाच्या छपराला नक्षीदार झालर लागली, थेट रुळांवर लोंबणारी. दिसायला छान होती. रुळांवरून गाडी जायची असते, हे तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. रुखवतातली गाडी कुठं कधी निघते?

लग्नात माझ्यापुढं हीऽ गर्दी. "पिशोरला रेल्वे कवा आली वो?" कुणीतरी विचारलं. "मुलीकडच्यांनी आणली," दुसरा म्हणाला. फोटो निघाले. मग मी शहरात, मुकुंदवाडीला तिच्या सासरी आलो आणि शोकेसवर चढलो. सासूबाईंनी, आवडाबाईंनी, मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. "कुणी हात लावायचा नाय. रुखवताचं हाय." शेजारी सुपाऱ्यांचे नवरा-नवरी होते, तेही माझ्यासारखेच गुदमरलेले.

राजनंदिनीचं काम लग्नात सुटलं होतं. "नंतर बघू," असं ठरलेलं. त्या 'नंतर'ला तारीख नव्हती. तिनंही विचारलं नाही, मुळात ती बोलायचीच कमी. रोज माझ्यावरचं प्लास्टिक पुसायची आणि वरूनच माझ्या कडांवर बोट फिरवायची. घरामागून खऱ्या गाडीचा भोंगा आला की तिचं बोट थांबायचं. मी आत थरथरायचो. केवढी असेल ती, जिच्या नुसत्या आवाजानं भिंत हलते!

एका रविवारी सुदर्शन, तिचा नवरा, एक खोकं घेऊन आला. आत बॅटरीची गाडी होती. "स्टेशन हाय अन् गाडी नाय, बरं दिसत नाय," तो लाजत म्हणाला.

"एक डाव फिरवा अन् परत झाका," आवडाबाईंनी बजावलं.

प्लास्टिक निघालं. गाडी मक्याच्या रानातून वळली, डोंगराला वळसा घालून माझ्याकडं आली. माझ्याकडं! मी जन्मलो ते याचसाठी, असं मला वाटलं, आणि खाडकन इंजिन झालरीवर आदळलं. आडवं पडलं. चाकं हवेत फिरत राहिली.

"नवरदेव मंडपातच अडकला की," सासरे कारभारी हसले.

"झालर कापावी लागंल," राजनंदिनी हळूच म्हणाली.

"रुखवताला ब्लेड?" आवडाबाई म्हणाल्या. "अपशकुन करती का? ते जपायचं असतं."

"तू जपलाच की मोत्याचा पोपट," कारभारी म्हणाले. "पेटीतच म्हातारा झाला."

"नवाकोरा हाय अजून! थांबा, दाखवतेच."

आवडाबाईंनी पेटीतून आपल्या रुखवतातला पोपट काढला, तोऱ्यात वर धरला, आणि त्याचा दोरा तुटला. कुजलाच होता. हिरवे मणी फरशीभर उड्या मारत गेले. लाल चोच माझ्या फलाटाशी येऊन थांबली.

"हात बी लावला नव्हता," आवडाबाई म्हणाल्या. "कुणाला लावू दिला नव्हता."

सगळे गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागले. मग आवडाबाई सुनेकडं न बघता म्हणाल्या, "काप."

राजनंदिनीनं ब्लेड उचललं, माझ्या छपराला टेकवलं आणि परत ठेवलं. "ब्लेडची कड पांढरट निघती, आई. मशीनची कशी भाजलेली, गडद असती. छप्परच नवं कापावं लागंल. दुकानात जाऊन."

"जा मग. एकच दिवस ना?"

मागं गाडीचा भोंगा वाजला. तो संपेपर्यंत ती थांबली.

"नाय आई. रोज."

इतकं स्पष्ट ती या घरात पहिल्यांदाच बोलली असावी. सुदर्शननं पडलेलं इंजिन उगाच सरळ केलं. आवडाबाईंनी मुठीतले मणी वाटीत ओतले.

"मग सकाळी दोन डबे लागतील," त्या म्हणाल्या. "तुझा मी भरीन. तू मीठ कमी टाकती."

आता मला नवं छप्पर आहे, झालर नसलेलं. पोपटाची लाल चोच माझ्या सिग्नलवर चिकटवलीय. एक खिडकी निखळलीय, निंबावर धूळ बसते. बसू द्या. तुमच्याही शोकेसवर कुणीतरी प्लास्टिकमध्ये असेलच. काढा त्याला बाहेर. मोडलं तर मोडलं.

संध्याकाळी राजनंदिनी दुकानातून येते, अंगाला जळक्या लाकडाचा वास घेऊन. माझ्या जन्माचा वास. ती चप्पल काढते न काढते तोच आवडाबाई बटणाशी बसलेल्या असतात.

"आली का गं? तुझ्यासाठीच थांबवलीय."

आणि गाडी सुटते. ती छपराखालून धडधडत जाते तेव्हा माझी सगळी कौलं हलतात. घरातली चारही माणसं, बोलायची थांबून, माझ्याकडं बघतात.