एकोणीसच का?

गयास सरांनी विशाखाचा पेपर मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला. त्याच्याशेजारी गाइड उघडून ठेवलं आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवलं.

दहावीच्या सहामाहीत, बीजगणिताच्या पेपरात त्यांनी रोपांच्या ओळींचं गणित घातलं होतं. पहिल्या ओळीत पंधरा रोपं, पुढच्या प्रत्येक ओळीत दोन जास्त, अशा चोवीस ओळी. एकूण रोपं किती? विशाखानं उत्तर लिहिलं होतं आठशे दहा. ते त्या गणिताचं उत्तर नव्हतंच. गाइडात असंच एक गणित होतं, बारा रोपांचं, तीन-तीननं वाढणारं, वीस ओळींचं. आठशे दहा हे त्याचं उत्तर. शिवाय गाइड छापताना एका ठिकाणी सत्तावन्नचे सत्तेचाळीस झाले होते, आणि ते सत्तेचाळीसही विशाखाच्या पेपरात जसेच्या तसे बसले होते.

मुख्याध्यापिका वच्छलाबाईंनी चष्मा वर सरकवला. "चिठ्ठी कुठं लपवली होतीस?"

विशाखाची नजर टेबलावर गेली. बाईंच्या कोपराजवळ एक कोरा फॉर्म पडला होता आणि तो कशाचा, हे तिला न वाचता कळत होतं. सतरा नंबरचा. शाळेचा निकाल अकरा वर्षं शंभर टक्के लागत आला होता आणि तो कसा लागतो, हे अख्ख्या छावणी भागाला ठाऊक होतं. कच्च्या पोरांना दिवाळीआधी दाखला हातात द्यायचा आणि बाहेरून परीक्षेला बसा म्हणायचं. मागच्या वर्षी तिच्याच गल्लीतल्या सोनियानं तो फॉर्म भरला. बाहेरून म्हणजे घरी बसून अभ्यास, असं ठरलं होतं. जानेवारी उजाडेपर्यंत ती क्रांती चौकात कपड्यांच्या दुकानात घड्या घालायला लागली, आणि मार्चमध्ये परीक्षेच्या दिवशीही घड्याच घालत होती. फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार. आज सोमवार होता.

वडिलांची वाळूजच्या कंपनीत पहिली पाळी, म्हणून शाळेत आप्पासाहेब आले होते, विशाखाचे आजोबा. टोपी गुडघ्यावर ठेवून इतका वेळ ते ऐकत होते. चिठ्ठीचं नाव निघालं तसे ताठ झाले.

"चिठ्ठी कशापायी लागती, बाई? पोरीला सगळं पुस्तक तोंडपाठ हाय. म्हन गं विशाखा."

 आप्पांच्या आवाजातला अभिमान विशाखाच्या ओळखीचा होता. त्यांनी सोयगावच्या बाजारात तीस वर्षं मापाडी म्हणून काढली होती. कापसाचं माप काट्यावरून उतरायच्या आत हिशेब त्यांच्या तोंडात तयार असायचा, तोही पावकी, निमकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांतला. शहरात मुलाकडं राहायला आले तेव्हा गावाकडून त्यांनी एवढी एकच गोष्ट आणली. रोज दिवेलागणीला, हातपाय धुऊन, देवापुढं बसून परवचा. पाच वर्षांची विशाखा त्यांच्या मांडीला मांडी लावून पाढे म्हणायची. दहाव्या वर्षी तिला तिसापर्यंतचे पाढे येत होते, वर दिडकी आणि अडीचकी. पाहुणे आले की आप्पा तिला उभं करून म्हणायला लावत.

सहावीत गणितात अक्षरं आली आणि तिला काही कळेनासं झालं. कळत नाही, असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही. आप्पांची नात आणि गणित येत नाही? तिनं आपली वाट काढली. गणितं परवच्यासारखी पाठ करायला घेतली, वाक्यासकट, कंसासकट, 'म्हणून' आणि 'परंतु' यांच्यासकट. आधीचे शिक्षक पुस्तकातलीच गणितं परीक्षेत घालत, त्यामुळं तिचं निभावत गेलं. यंदा गयास सर नवे आले आणि त्यांनी आकडे बदलले. पेपरात ते बदललेले तिला दिसलेही होते. पण 'रोपांच्या ओळी' वाचलं की तिच्या डोक्यात गाइडाचं पान एकशे बारा सुरू व्हायचं, आणि एकदा सुरू झालं की मध्येच थांबणं तिला जमत नसे.

आता म्हणून दाखवलं तर कॉपीचा आळ जाईल. पण चार वर्षं झाकलेलं सगळं उघडं पडेल, तेही आप्पांसमोर. नाही म्हटलं, तर कॉपी.

"म्हन की," आप्पा म्हणाले. "घाबरू नगं."

तिनं डोळे मिटले. "समजा, पहिल्या ओळीतील रोपांची संख्या a बरोबर बारा. सामान्य फरक d बरोबर तीन." आवाज सुरात लागला. एकदाही न अडखळता ती शेवटाकडं आली. "बरोबर दहा, कंसात चोवीस अधिक सत्तेचाळीस. बरोबर दहा गुणिले एक्याऐंशी. बरोबर आठशे दहा. उत्तर, बागेत एकूण आठशे दहा रोपे आहेत. पुढील उदाहरणासाठी आकृती पाहा."

गाइडाच्या त्या पानावर शेवटची ओळ तीच होती. वच्छलाबाईंनी बोट ठेवून ती वाचली आणि गाइड मिटलं.

आप्पांनी टोपी डोक्यावर घातली. "झालं का समाधान?"

"चिठ्ठी नव्हती, हे झालं," गयास सर म्हणाले. ते विशाखासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बेटा, चोवीस आणि सत्तेचाळीस किती?"

"एकाहत्तर." उत्तर आपोआप आलं. पुढचा प्रश्न सरांनी विचारायच्या आतच तिचा चेहरा उतरला. एकाहत्तर. मग एक्याऐंशी कुठून आले? तिनं ही ओळ शंभर वेळा तरी म्हटली असेल, पण बेरीज म्हणून तिच्याकडं कधी बघितलंच नव्हतं.

"तिथं सत्तावन्न पाहिजे," ती हळूच म्हणाली.

"कशावरून?"

"एकोणीस त्रिक सत्तावन्न."

"बरोबर. पण ओळी वीस आहेत. मग एकोणीसच का?"

 आप्पा तिच्याकडं बघत होते, पाहुण्यांसमोर बघायचे तसेच. तिनं पान एकशे बारा मनात वरपासून खालपर्यंत चाळलं. 'का' कुठंच नव्हतं.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "यातलं काहीच माहीत नाही. सहावीपासून."

आप्पांनी टोपी परत काढून हातात घेतली.

वच्छलाबाईंनी पेपर पुढं ओढला. चाळिसात सहा. कॉपीचं जाऊ दे, त्या म्हणाल्या, पण सहा मार्कांचं काय करायचं? तेव्हा गयास सरांनी गुरुवारी पुन्हा चाचणी घ्यायची परवानगी मागितली; आकडे गाइडातले नाही, मी घालतो, म्हणाले. बाईंनी फॉर्म आप्पांच्या हातात दिला. गुरुवारी चौदा मार्क पडले तर तो कोरा परत आणायचा, नाहीतर भरून.

 घरी जाताना छावणीच्या बाजारात आप्पांनी पावशेर चिंचोके घेतले.

दिवेलागणीला विशाखा सवयीनं मांडी घालून बसली. आप्पांनी परवचा सुरू केला नाही. त्यांनी चिंचोके फरशीवर ओतले.

"मला बी नाय माहीत, एकोणीसच का ते," ते म्हणाले. "मी बी पाठच केलं होतं सगळं. मांड बघू."

तिनं पहिल्या ओळीत बारा मांडले, दुसरीत पंधरा, तिसरीत अठरा. आप्पांनी तीन-तीन जास्तीचे चिंचोके ओळीच्या टोकाला जरा वेगळे सरकवले. दुसऱ्या ओळीला तिनाचा एक पुंजका, तिसरीला दोन, चौथीला तीन. स्वयंपाकघरातून आई जेवायला हाका मारत होती. विशाखा पुंजके मोजत खालून वर आली आणि पहिल्या ओळीपाशी थांबली. तिथं पुंजका नव्हता.

"आप्पा, पहिल्या ओळीत काही वाढलेलंच नाही."

"मग?"

"मग विसाव्या ओळीत एकोणीसदाच वाढणार."

आप्पांनी पुन्हा एकदा बोटानं मोजून पाहिलं. "व्हय की," ते म्हणाले.

त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस त्यांनी चार प्रकारची गणितं चिंचोक्यांवर केली. बाकीची राहिली.

गुरुवारी सरांनी पुन्हा रोपांच्या ओळी घातल्या, अकरा रोपांपासून, चार-चारनं वाढणाऱ्या, सोळा ओळींच्या. वाचताच डोक्यात पान एकशे बारा सुरू झालं. समजा, पहिल्या ओळीतील... तिनं पेन खाली ठेवलं. पान पुढं सरकत होतं, बारा, तीन, दहा कंसात चोवीस. कोऱ्या कागदाच्या कडेला तिनं टिंबांची एक ओळ काढली, अकरा टिंबांची. तिच्याखाली दुसरी, चार टिंबं जास्त. तिसरी काढेपर्यंत पान बंद पडलं होतं. वाढ पंधरा वेळा, तिनं लिहिलं, आणि पंधरा चोक साठ. तीन गणितं तिनं कोरी सोडली. त्यांच्यापुढं 'येत नाही' असं लिहिलं.

पंधरा मार्क पडले. वच्छलाबाईंनी पेपर दोनदा तपासला, बेरीज स्वतः केली, मग हात पुढं केला. आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला फॉर्म काढून दिला. तो कोरा होता. घडीत अडकलेला एक चिंचोका टेबलावर पडला, तो त्यांनी उचलून परत खिशात टाकला आणि गयास सरांना विचारलं, ती तीन राहिलेली गणितं कुठली.