सोर्नाकच्या तळ्यावरच्या पिवळ्या खुणा

बंधाऱ्यापासून जुन्या झऱ्यापर्यंत पायवाट दाखवणाऱ्या पिवळ्या खुणा अकरा होत्या. आठ चेस्टनटच्या खोडांवर, दोन ओकवर आणि एक दगडावर. गिस्लेननं त्या जाताना मोजल्या, आणि खात्री करायला येतानाही मोजल्या. प्रत्येक खूण वीतभराहून थोडी कमी लांब, बोटभर रुंद, छातीच्या उंचीवर. रंग वाळला होता, पण नाक जवळ नेलं की अजून वास येत होता. अकरातली एकही खूण तिनं रंगवलेली नव्हती.

ऑगस्टच्या पावसात तळ्याचा पूर्वेकडचा काठ खचला आणि काठावरची पायवाट बंद करावी लागली. तेवढा भाग टाळून लोकांनी लाकूड वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यानं जावं असं पायवाट मंडळाच्या बैठकीत ठरलं होतं. गिस्लेननं स्वतः हात वर केला होता. पण या खुणा ट्रकांचा रस्ता मध्येच सोडून चेस्टनटच्या रानात शिरल्या होत्या, नेच्यांमधून वर चढल्या होत्या आणि झऱ्यापाशी पोचल्या होत्या. झऱ्यापासून तिच्या वडिलांची जागा हाकेच्या अंतरावर होती.

जागा म्हणजे सेप नावाच्या चवदार रानअळंबीची जागा. सोर्नाकातला माणूस शेजाऱ्याला घराची किल्ली देईल, पण आपली अळंबीची जागा सांगणार नाही. पाय थकायला लागले की ती एकालाच दाखवायची, अशी रीत. गिस्लेननं तीस वर्षं गावातल्या औषधाच्या दुकानात काढली होती. सप्टेंबर लागला की लोक विषारी काही आलंय का ते तपासायला टोपल्या घेऊन काउंटरवर यायचे. ती एकेक अळंबी उलटी करून बघायची, शंकास्पद असेल ती कचऱ्यात टाकायची. कुठून आणली, हे तिनं कधीही कुणाला विचारलं नाही. तो प्रश्न बाईला वय विचारण्यापेक्षा वाईट.

खुणा कुणाच्या आहेत हे तिला पहिल्या खोडापाशीच कळलं होतं. हस्ताक्षरासारखा रंगवणाऱ्याचा हातही ओळखता येतो. आधी तारेच्या ब्रशनं खोडावरचं दगडफूल स्वच्छ खरवडलेलं, कडा सरळ, फक्त खालची कड डावीकडे किंचित उतरलेली. मंडळातला तिचा जुना सोबती मार्सलँ पोस्टात असताना सायकलवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्याची रेघ तशी उतरते. तळ्याभोवतीच्या सगळ्या पायवाटा त्या दोघांनी मिळून रंगवल्या होत्या. जाण्याच्या दिशेच्या खुणा तिच्या, परतीच्या त्याच्या.

जागा तिनं त्यालाच दाखवली होती, दोन वर्षांपूर्वी, खुबा दुखायला लागला तेव्हा. तिला मूलबाळ नव्हतं. भाचा होता, रेमी. तो दर वर्षी मागे लागायचा, "आत्या, आता तरी दाखव ना." तिचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही रे बाबा." मार्सलँ मात्र अबोल. चाळीस वर्षं गावाची पत्रं वाटली, पण कुणाचं पत्र कुठून आलं हे त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. तिथे पोचल्यावर त्यानं चारी बाजूंना एकदा पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही." इथे शपथ अशीच घेतात.

त्या दिवशी एक गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. खुणा रंगवणाऱ्या माणसाला एकदा एखाद्या वाटेनं नेलं, की त्याच्या डोळ्यांनी तिथलं एकेक खोड निवडून ठेवलेलं असतं.

परतताना ती पावासाठी बेकरीत शिरली. बेकरीवालीनं तिला बघताच दोन्ही हात पसरले.

"गिस्लेनबाई, मन किती मोठं हो तुमचं! आमच्या ह्यांना तर विश्वासच बसेना."

"कशावर?"

बेकरीवालीनं दाराच्या काचेकडे बोट केलं. काचेवर रविवारच्या पदयात्रेचा कागद चिकटवला होता. तळ्याची फेरी, नवीन वाट, दुपारी सूप. आणि खाली जाड अक्षरात: जुन्या झऱ्यापाशी गिस्लेन बुर्दियेंसोबत रानातल्या अळंबीची ओळख. टोपली सोबत आणावी.

"टोपली आणावी," गिस्लेननं शेवटची ओळ मोठ्यानं वाचली.

"मी तर दोन आणणारे," बेकरीवाली म्हणाली. "पाव नेहमीचाच ना?"

मार्सलँ अंगणात बसून अक्रोड फोडत होता. तिला फाटकात बघून त्यानं हातोडी खाली ठेवली, पण उठला नाही.

"ये. कॉफी ठेवू?"

"अकरा खुणा आहेत," ती म्हणाली.

"बारा होत्या. एक कुणीतरी सरपणाच्या लाकडासोबत नेली वाटतं." तो हसायला गेला आणि थांबला. "अगं, ट्रकांच्या रस्त्यावर गुडघाभर चिखल आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तिथून जायचं?"

"आपण दोघंही म्हातारेच आहोत. चिखल गेल्या वर्षीही होता. खरं बोल."

त्यानं एक अक्रोड उचलला, चाचपला, परत टोपलीत टाकला.

"ब्लांदीनला ती वाट आवडली."

ब्लांदीन म्हणजे लियोंहून येऊन गिरणीचं घर विकत घेतलेली बाई. वसंतापासून ती मंडळाच्या प्रत्येक फेरीला यायची आणि मार्सलँच्या शिळ्या विनोदांना खळखळून हसायची. गावात त्यावर थट्टा चालायची. त्या थट्टेत गिस्लेनही होती.

"तू तिला तिथे नेलंस?"

"फक्त झऱ्यापर्यंत. पुढची जागा तिची तिलाच दिसली. डोळे आहेत तिला."

"झऱ्यापाशी उभं राहून वर बघ असं कुणी सांगितलं?"

तो टरफलं गोळा करू लागला.

"मार्सलँ, मी तुला विचारतेय."

"ती म्हणाली, इतकी सुंदर वाट आणि इथे कुणीच येत नाही, हे पाप आहे. अध्यक्षांना तिनं फोटो दाखवले. त्यांनी लगेच मान डोलावली. मी काय करणार होतो?"

"नाही म्हणणार होतास. दोन अक्षरं आहेत."

"मी जागा नाही दाखवली, गिस्लेन. मी वाट दाखवली."

"हे पोस्टात शिकलास का? पत्र नाही दिलं, फक्त पेटी उघडी ठेवली?"

त्याचा चेहरा लाल झाला. "तुझ्याबरोबर ती जागा संपूनच जाणार होती! तुला चढवत नाही, माझाही गुडघा गेलाय. कुणासाठी जपायची?"

"ते मी ठरवणार होते. आणि माझं नाव? तेही ब्लांदीनला झऱ्यापाशीच सापडलं?"

त्यानं हातोडी उचलली, परत खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "मी म्हटलं, गिस्लेन तयार आहे. नाहीतर लोक म्हणाले असते की मी तुझा गळा कापला."

"केसानं कापलास," ती म्हणाली. "म्हणून रक्त दिसत नाही." ती फाटक न लावताच निघाली.

शुक्रवारी तिनं पडवीतून राखाडी रंगाचा डबा काढला. जुन्या खुणा बुजवायला तोच वापरतात. अकरा खुणा बुजवायला अर्धी सकाळ पुरली असती. ट्रकांच्या रस्त्यापाशी, पहिल्या खोडासमोर तिनं डब्याचं झाकण उचकटलं आणि ब्रश बुडवला.

नकाशावर चढलेली वाट एकट्यानं पुसायची नाही आणि खोटी खूण कधीही रंगवायची नाही. मंडळाचे नियम पुष्कळ होते, पण प्रत्येकजण खरोखर पाळायचा ते हेच दोन. एका नोव्हेंबरात कुणा शिकाऱ्यानं आपलं रान मोकळं राहावं म्हणून वाटेवर 'इथून जाऊ नका' अशी खोटी फुली मारली होती. त्या फुलीमुळे वळलेलं एक जोडपं दुसऱ्या दिवशी सकाळी दलदलीच्या कडेला सापडलं, एकमेकांना घट्ट धरून, जेमतेम जिवंत. त्यांना शोधणाऱ्यांत गिस्लेन होती आणि मार्सलँही.

ब्रशवरून राखाडी थेंब तिच्या बुटावर पडला. तिनं ब्रश नेच्यांना पुसला आणि झाकण दाबून बसवलं.

घरी आल्यावर तिनं रेमीला फोन केला. "उद्या उजाडताच ये. मोठ्या टोपल्या घेऊन ये, आहेत तेवढ्या."

"कुठे जायचंय?"

"विचारू नकोस. चल म्हटलं की चल."

शनिवारी धुकं तळ्यावरून उठलेलं नव्हतं. रेमी तिला हात देत वर चढवत होता. छत्तीस वर्षांचा, दोन पोरांचा बाप, पण नेच्यांमधून चालताना शाळेतल्या पोरासारखा दर थोड्या वेळानं तिच्याकडे बघत होता. पिवळी खूण आली की तो म्हणायचा, "आत्या, हे तर वाटेवरच आहे." ती काठी टेकत चढत राहिली. झऱ्यापाशी तिनं श्वास घेतला आणि काठीनं वर दाखवलं.

तीन जुने ओक, त्यांच्यामध्ये शेवाळाचा उतार. शेवाळातून तपकिरी टोप्या वर आल्या होत्या. काही बशीएवढ्या, काही नुकत्या डोकावणाऱ्या. दोन रात्रींच्या पावसानं सगळी एकदम उगवली होती.

रेमी गुडघ्यांवर बसला. बराच वेळ त्यानं कशालाच हात लावला नाही.

"आजोबांची?"

"हो."

तिच्या वडिलांचे नियम सोपे होते. चाकूनं कापायची, उपटायची नाही. जुनी, मऊ पडलेली ठेवायची. अंगठ्याच्या पेराहून लहान टोपीची ठेवायची. शेवाळ हललं तर परत झाकायचं.

"सगळी काढ," गिस्लेन म्हणाली.

"सगळी?"

"सगळी."

"ही बारकीसुद्धा? अगं, तूच सांगायचीस की..."

"बारकीसुद्धा. उद्या शंभर माणसं येतील. त्यांना दाखवायला माझं नाव आहे, अळंबी नको."

रेमीनं चाकू उघडला. थोड्या वेळानं तिच्याकडे न बघता म्हणाला, "इतकी वर्षं मागत होतो. पहिल्यांदा आणलंस, आणि तेही रिकामी करायला."

"तुलाच द्यायला हवी होती," ती म्हणाली. "मला वाटलं, जो बोलत नाही तो सांगत नाही."

तीही ओकला धरून खाली बसली आणि कापू लागली. खुबा ठणकत होता. शेवाळाचे तुकडे चाकूबरोबर उखडून येत होते, ते तिथेच उलटे पडत होते. रेमीनं एकदोनदा ते परत झाकले. मग त्यानंही सोडून दिलं. ऊन ओकांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा उतारावर फक्त पांढरी बुडखं आणि काळी माती उरली होती.

घरी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. काटा तीन किलोंपर्यंतचाच होता, म्हणून तीनदा तोलावं लागलं. लहान टोप्यांची तिनं वेगळी रास केली आणि तीही तोलली.

एकूण सात किलो तीनशे वीस ग्रॅम. त्यात अंगठ्याच्या पेराहून लहान टोपीच्या एकोणचाळीस. त्यांचं वजन सहाशे दहा ग्रॅम.