शार्शेनकाकांची वाटी

माझी धाकटी जाऊ ऐझिरेक हिची पाळी चुकली, छातीला दूध आलं, आणि सासूबाईंनी लगेच मेंढा कापला. लग्नानंतर आठ वर्षांनी नातू येणार म्हणून आमच्या नारिन गावभर सांगून झालं. पोट दिसायचं नाव नव्हतं. शिवाय तिच्या उजव्या डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखी कळ यायची. डोळा लाल व्हायचा, घळाघळा वाहायचा, मिनिटभरात कळ थांबायची, पुन्हा यायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ही गरोदर नाही. मेंदूच्या तळाशी गाठ असावी, दूधही तिच्यामुळेच. राजधानीत, बिश्केकला नेऊन यंत्रात डोकं तपासा, नाहीतर आंधळी होईल.

"त्या यंत्रात माझा नातू भाजायचाय?" सासूबाई म्हणाल्या आणि दृष्ट काढायला धूप घेऊन बसल्या. माझा नवरा आणि दीर, म्हणजे ऐझिरेकचा नवरा, मूग गिळून गप्प. मला दोघांचाही संताप आला होता.

शुक्रवारी पाहुणे आले. चहा ओतायचा मान धाकट्या सुनेचा. घराण्यातले सर्वांत वडील शार्शेनकाका तिच्या बाजूलाच बसले होते. त्यांनी चहाची रिकामी वाटी पुढे केली. ऐझिरेक समोरच्या समोवारकडे, चहाच्या बंबाकडेच बघत राहिली. काकांचा हात तसाच अधांतरी.

"सूनबाई, आम्ही नकोसे झालो असू तर सांग. घोडं दारातच आहे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "डोळे कुठे ठेवलेस गं? काकांची वाटी दिसत नाही?"

"वाटी कुठाय, आई?"

मी वाटी घेऊन तिच्या नाकासमोर धरली.

"दिसते?"

"दिसते, ताई."

मी ती हळूहळू बाजूला नेली. कानाच्या रेषेत यायच्या आधीच ती म्हणाली, "गेली." दुसऱ्या बाजूलाही तेच.

"आण इकडे," म्हणत सासूबाई तिच्या शेजारी सरकल्या. त्यांनी वाटी तिच्या कानाजवळ धरली. "नाटकं नकोत हं. आता सांग."

"आई, तुम्ही समोर या ना. तुम्हीच दिसत नाही मला."

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. मग भरल्या घरात म्हणाल्या, "नातू-बितू काही नाही. डॉक्टरीण सांगत होती, मीच ऐकलं नाही." आणि दिराकडे वळून, "गाडी काढ."

"अगं, मांस शिजतंय," काका म्हणाले.

"वाढून घ्या तुमचं तुम्ही."

पाहुणे बसलेले असताना घरची म्हातारी उठून गेल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. मीही गाडीत चढले.

बिश्केकच्या वाटेवर, खिंडीच्या चढावर ऐझिरेकने हळूच विचारलं, "म्हणजे मूल नाहीच ना, आई?"

तीही आस लावून बसली होती, हे मला तेव्हा कळलं.

"नाही गं," म्हणून सासूबाईंनी आठ वर्षांत पहिल्यांदा तिचं डोकं मांडीवर घेतलं.