सतराव्या पानावरचं 'हे उघड आहे'

गणिती महाशय तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरून ठाण मांडून बसले होते, आणि त्यांची बायको तीन दिवस मूग गिळून गप्प होती.

एकतीस वर्षांपूर्वी महाशयांनी एक निबंध लिहिला होता. एखादी आकृती किती तऱ्हांनी फिरवली तरी होती तशीच दिसते, एवढाच त्याचा विषय. आकृती मात्र चोवीस मितींतली, म्हणजे कुणी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. याचा जगाला काडीचा उपयोग नाही, असं ते छाती फुगवून सांगत. पुढे तो निबंध भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती लागला आणि त्यांनी त्यावर अणूच्या पोटातल्या कणांचा अख्खा सिद्धान्त उभा केला. महाशयांनी महिनाभर त्यांना शिव्या घातल्या, मग सत्कार घेतले.

आता त्यांच्यातल्याच एका चाळिशीच्या, भलत्याच नम्र भौतिकशास्त्रज्ञाचं पत्र आलं होतं. सतराव्या पानावर एका मोठ्या विधानाखाली नुसतं 'हे उघड आहे' असं छापलंय, तर ते उघड कसं? पुस्तकात घ्यायचंय, गुरुवारी चहाला येतो.

महाशयांना काही ते उघड होईना. कागद संपले, तरी घोडं तिथेच पेंड खात होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी पेन खाली ठेवलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आपली तर सत्तरी उलटली. पाहुण्याला तसं सांगावं आणि गणित सोडावं, असं ते हळूच म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने हार मानलेली तिने पाहिली नव्हती, भांडणातसुद्धा नाही. तिला फार वाईट वाटलं.

तरी पाहुण्याचा चहा संपेपर्यंत तिला खरं सांगायचा धीर होईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि या मुठीत तर अख्खं विश्व. पण महाशयांनी घसा खाकरून स्वतःच्या डोक्याबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अहो, ते तुम्ही लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं."

तेव्हा त्यांचे निबंध तीच टाइप करायची. हस्तलिखितात त्या विधानाखालच्या अर्ध्या पानावर चहा सांडला. नवरा परगावी, आणि टपाल संध्याकाळी निघणार. दर दोन पानांना ते 'हे उघड आहे' लिहायचेच. तिनेही एक ठोकून दिलं. छापण्याआधी तपासायला आलेली पानं महाशयांनी न वाचता परत पाठवली, कारण टाइप बायकोने केलं होतं.

पाहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या ओळीच्या जिवावर चौदा जण प्राध्यापक झाले होते, त्यातला एक तो. त्या अर्ध्या पानात काय होतं ते काकूंना आठवतं का, असं त्याने विचारलं.

"बाण होते बरेच. आणि त्यावर भली मोठी फुली मारून यांनी लिहिलं होतं, 'छे, जमत नाही'. म्हटलं, फुली मारलीय म्हणजे यांनाच नको असेल."

पाहुणा रिकाम्या कपात बघत पुटपुटला, की प्रयोगाचे आकडे तर नऊ दशांश स्थळांपर्यंत जुळतात, म्हणजे विधान खरंच असणार; फक्त का खरं, ते जगात कुणालाच ठाऊक नाही.

महाशयांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"म्हणजे चाळिशीतही मला ते जमलं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग डोकं होतं तेवढंच आहे," ते म्हणाले, आणि पाहुण्याला कपबश्या उचलायला लावून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.